गिधाडांचें ऋण

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

कांहीं प्राण्यांच्या कपाळीं जन्मतःच अपकीर्ति लिहिलेली असते. गिधाड हें त्यांपैकींच एक. मोराला आपण सरस्वतीच्या पायाशीं बसविलें, गरुडाला विष्णूचें वाहन केलें, कावळ्यालासुद्धां वर्षांतून एक पंधरवडा मानाचें पान वाढलें. गिधाडाच्या वांट्याला मात्र आपल्या भाषेंत एक शिवी तेवढी आली. दुसऱ्याच्या नुकसानीवर डोळा ठेवून कोणी बसला कीं, तो गिधाडासारखा टपून बसला आहे असें आपण म्हणतों. एक जटायु काय तो ह्याला अपवाद. सीतेला सोडविण्यासाठीं ह्या वृद्ध पक्ष्यानें रावणाशीं झुंज दिली आणि प्राण वेंचले. तो जेथें पडला ती जागा म्हणून नाशिक जिल्ह्यांत इगतपुरीजवळचें सर्वतीर्थ टाकेद लोक आजहि दाखवितात. परंतु जटायूला आपण वंदन केलें तें त्याच्या पराक्रमाबद्दल. त्याच्या जातीच्या रोजच्या उद्योगाबद्दल नव्हे. आज मला बोलावयाचें आहे तें त्या रोजच्या उद्योगाबद्दल. कारण तो उद्योग एके दिवशीं बंद पडला, आणि तेव्हां त्याचें मोल आपल्याला माणसांच्या प्राणांत चुकवावें लागलें.

ज्यांनीं वयाची पन्नाशी ओलांडली आहे आणि ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे, त्यांना हें दृश्य आठवत असेल. गांवाबाहेर माळावर किंवा ओढ्याच्या कांठीं मेलेलें जनावर टाकण्याची एक जागा ठरलेली असे. बैल मेला, म्हैस मेली, कीं तिला तेथें नेऊन टाकीत. चामडें काढणारे चामडें काढून नेत. त्यानंतर थोड्याच वेळांत निरभ्र दिसणाऱ्या आकाशांत एक काळा ठिपका घिरट्या घेऊं लागे. मग दोन, मग दहा, आणि पाहतां पाहतां पन्नास-शंभर पक्षी खालीं उतरत. भांडणें, फूत्कार, पंखांची फडफड ह्यांचा एकच गोंधळ उडे. परंतु तासाभरांत तो गोंधळ शमे, आणि जेथें मेलेलें जनावर होतें तेथें स्वच्छ हाडांचा सांपळा तेवढा उरे. पुढें तीं हाडें गोळा करणारीं माणसें येत. हाडांचा व्यापार चाले, त्यांचें खत होई. चांभाराला चामडें, हाडें वेंचणाऱ्याला हाडें, गिधाडाला मांस आणि गांवाला स्वच्छता, अशी ही सर्व वांटणी कोणीहि कागदावर न लिहितां पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

ह्या पक्ष्याच्या शरीराची घडण जणूं ह्या कामासाठींच झाली आहे. त्याचें डोकें व मान जवळजवळ उघडी असते. कुजक्या मांसांत मान खुपसणाऱ्या पक्ष्याला तेथें दाट पिसें असतीं तर तीं सदैव माखून राहिलीं असतीं. तो पंख न हालवितां उन्हानें तापून वर चढणाऱ्या हवेवर तासन् तास तरंगूं शकतो आणि मैलच्या मैल टापूवर नजर ठेवतो. एकानें खालीं झेप घेतली कीं दुसरा त्याला पाहून वळतो, तिसरा दुसऱ्याला पाहून वळतो. म्हणून एवढ्या थोड्या वेळांत एवढा मोठा थवा जमतो. पण सर्वांत नवल त्याच्या जठराचें आहे. त्यांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, ज्या जंतूंनीं माणूस किंवा कुत्रा मरेल असे पुष्कळसे जंतु तेथें नष्ट होतात. काळपुळीसारख्या भयंकर रोगानें मेलेलें जनावरहि गिधाड खाऊन पचवूं शकतें. म्हणजे हा पक्षी नुसता कचरा उचलीत नव्हता. रोगाचें बीं जेथल्या तेथें जाळून टाकीत होता.

आतां हें काम किती मोठें होतें, ह्याचा अंदाज घ्या. आपल्या देशांत २०१९ साली झालेल्या पशुगणनेंत गाई-बैलांची संख्या १९ कोटींहून अधिक आणि म्हशी-रेड्यांची सुमारे ११ कोटी भरली. एकूण तीस कोटी मोठीं जनावरें. ह्या देशांतील बहुसंख्य लोक गोमांस खात नाहींत. म्हणून म्हाताऱ्या होऊन मरणाऱ्या जनावरांचें प्रमाण येथें फार मोठें. हें सर्व मांस उचलण्यास आपणांपाशीं एक फौज होती. तिच्यांत मुख्यतः तीन जाती होत्या: पांढऱ्या पाठीचें गिधाड, लांब चोचीचें गिधाड आणि हिमालयाच्या पायथ्याकडील बारीक चोचीचें गिधाड. १९९० च्या सुमारास ह्या फौजेची संख्या कांहीं कोटींच्या घरांत असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पांढऱ्या पाठीचें गिधाड हा तर जगांतील अत्यंत विपुल अशा मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकीं एक समजला जाई. जी वस्तु इतकी विपुल असते तिची काळजी कोण करतो? आपण वाघ मोजले, सिंह मोजले, माळढोक मोजले. गिधाडें मोजण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

धोक्याची पहिली सूचना मिळाली ती राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानांत. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक डॉ. विभु प्रकाश ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथील गिधाडांचीं घरटीं मोजून ठेवलीं होतीं. त्या वेळीं तेथें तीनशेंहून अधिक जोड्या वीण घालीत असत. दहा वर्षांनंतर ते पुनः तेथें गेले तेव्हां घरटीं ओस पडलीं होतीं आणि झाडांखालीं मेलेले पक्षी पडलेले होते. जे जिवंत होते त्यांतील कित्येक पक्षी मान खालीं टाकून, जणूं झोप अनावर झाली आहे असे, फांदीवर तासन् तास बसून राहत, आणि मग एकाएकीं खालीं कोसळत. विभु प्रकाश ह्यांनीं १९९९ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर देशभर मोटारींतून हजारों किलोमीटर रस्ते तुडवून गिधाडांची पुनः मोजणी करण्यांत आली. १९९२ च्या सुमाराची मोजणी हाताशीं होतीच. २००७ पर्यंतचा ताळा मांडला तेव्हां असें दिसून आलें कीं, पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागें एक उरलें होतें, आणि दुसऱ्या दोन जातींच्या शंभरांमागें तीनच उरलीं होतीं. माणसाला ठाऊक असलेल्या कोणत्याहि पक्ष्याचा इतका जलद ऱ्हास क्वचितच झाला असेल.

कारण काय? प्रथम तर्क झाला तो सांथीचा. कोणी शेतांतील कीटकनाशकांना दोष दिला. कोणी अन्नाच्या तुटवड्याला. परंतु मेलेल्या गुरांचा कोठेंहि तुटवडा नव्हता. उलट तीं पडून कुजत होतीं. ह्या कोड्याचा उलगडा झाला तो पाकिस्तानांतील पंजाब प्रांतांत. तेथें लिंडसे ओक्स ह्या अमेरिकन पशुवैद्यक-शास्त्रज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं मेलेल्या गिधाडांचीं शरीरें उघडून पाहिलीं. बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर व इतर इंद्रियांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सांचलेला होता. हा थर यूरिक आम्लाचा. पक्ष्यांच्या शरीरांतील मळ ह्या आम्लाच्या रूपानें मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. मूत्रपिंडें निकामी झालीं कीं तो रक्तांत सांचतो आणि स्फटिकरूपानें इंद्रियांवर बसतो. म्हणजे मूत्रपिंडें कशानें तरी एकाएकीं बंद पडत होतीं. जंतु शोधले, ते सांपडले नाहींत. शिशासारखे धातु शोधले, तेहि कारण नव्हते. शेवटीं संशोधकांनीं विचार केला कीं, गिधाडाचें अन्न म्हणजे गुरें. तेव्हां गुरांना काय देतात तें पाहूं. औषधांच्या दुकानांतून चौकशी केली असतां एक औषध पुढें आलें: डायक्लोफिनॅक.

हें नांव आपल्या घरांतहि अपरिचित नाहीं. कंबर दुखली, गुडघा सुजला, तर डॉक्टर जी गोळी देतात तिच्यांत पुष्कळदां हेंच असतें. माणसाला तें उपयोगी आहे. गाईलाहि उपयोगी आहे. १९९० नंतरच्या दशकांत तें अत्यंत स्वस्त झालें आणि खेडोपाडीं जनावरांच्या औषधांत जाऊन बसलें. ओक्स ह्यांनीं तपासलेल्या पक्ष्यांपैकीं ज्या २५ पक्ष्यांच्या इंद्रियांवर तो पांढरा थर होता, त्या सर्वांच्या मूत्रपिंडांत हें औषध सांपडलें. आणि जे १३ पक्षी अन्य कारणांनीं मेले होते, त्यांतील एकाच्याहि मूत्रपिंडांत तें नव्हतें. इतका स्वच्छ पुरावा विज्ञानांत नेहमीं मिळत नाहीं. हा शोध २००४ मध्यें प्रसिद्ध झाला.

येथें एक शंका आपल्या मनांत येईल. सर्वच गुरांना कांहीं हें औषध दिलें जात नव्हतें. मग कोट्यवधि पक्षी कसे मेले? ह्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. समजा, मेलेल्या दोनशें जनावरांपैकीं एकाच्याच अंगांत हें औषध आहे. गिधाड साधारण तिसऱ्या दिवशीं एकदां जेवतें असें धरलें तर वर्षाला त्याचीं एकशेंवीस जेवणें होतात. प्रत्येक जेवणाला दोनशेंत एक असा मरणाचा धोका. एकशेंवीस वेळां तो पत्करला कीं वर्षअखेर शंभरांतील सुमारे पंचेचाळीस पक्षी मेलेले असतात. शिवाय एका विषारी जनावरावर एकटें गिधाड जेवीत नाहीं, सारा थवा जेवतो. शास्त्रज्ञांनीं सूक्ष्म हिशेब करून दाखविलें कीं, विषारी जनावरांचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी असलें तरी जें घडलें तें घडण्यास तेवढें पुरेसें होतें. आणि भरून काढावयाचें म्हटलें तर गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते. तिचें पिलूं वीण घालण्याजोगें होण्यास पांचेक वर्षें लागतात. जेथें मरण घाईनें येतें आणि जन्म सावकाश, तेथें शेवट काय होणार हें सांगावयास नको.

श्रोतेहो, ह्या कथेंत खलनायक शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. औषध शोधणाऱ्यानें तें वेदना कमी करण्यासाठीं शोधलें. दुकानदारानें स्वस्त विकलें. शेतकऱ्यानें तें आपल्या लंगडणाऱ्या बैलाला किंवा कांस सुजलेल्या म्हशीला टोंचविलें, तें दयेनें. आपल्या पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या जनावराचे हाल त्याला पाहवेनात म्हणून. बैल बरा झाला तर कामाला लागला. मेला तर माळावर गेला. क्रूरपणानें केलेला संहार आपण ओळखूं शकतों व थांबवूं शकतों. परंतु भल्या हेतूनें केलेल्या कृत्यापासून, चार कड्या पलीकडे, जो संहार होतो तो आपल्या दृष्टीस पडत नाहीं. ह्या प्रकरणाची खरी भीति मला येथें वाटते.

आतां पुढच्या कड्या पाहूं. गिधाडें गेलीं, मांस तसेंच राहिलें. तें कोणी खाल्लें? कुत्र्यांनीं. गांवाबाहेर मेलेल्या गुरांच्या ढिगांवर मोकाट कुत्र्यांच्या झुंडी पोसूं लागल्या. कुत्रा गिधाडासारखा झटपट काम उरकीत नाहीं. तो ओढीत नेतो, अर्धें टाकतो, घाण पसरवितो. त्याच्या जठराला रोगजंतु जाळण्याची ती शक्ति नाहीं. आणि तो चावतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषबाधेनें मरणाऱ्यांची संख्या आपल्या देशांत आधींच जगांत सर्वांत मोठी. अनिल मार्कंडेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ मध्यें हिशेब मांडला कीं, १९९२ पासून २००६ पर्यंत कुत्र्यांच्या ह्या वाढीमुळें सुमारे ४८,००० माणसें रेबीजनें अधिक मेलीं असावींत. मरणाऱ्यांत मुलें पुष्कळ असतात, आणि तींहि बहुधा अशा घरचीं कीं, जेथून लस मिळण्याचें ठिकाण लांब असतें.

परंतु हा हिशेबहि अपुरा होता. २०२४ मध्यें इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोघां अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची रीत समजण्यास सोपी आहे. भारतांतील कांहीं जिल्हे पूर्वीं गिधाडांच्या वस्तीस अनुकूल होते, कांहीं नव्हते. १९९४ च्या आधीं दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाण सारख्याच चालीनें चाललें होतें. स्वस्त डायक्लोफिनॅक आल्यावर मात्र ज्या जिल्ह्यांत पूर्वीं गिधाडें होतीं तेथील मृत्यु वाढले. ज्यांत तीं मुळांतच नव्हतीं तेथील तसे वाढले नाहींत. ही वाढ शेंकडा चाराहून अधिक होती. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशीचा खप वाढला, आणि नद्यांच्या पाण्यांतील घाणीचे जंतुहि वाढले. कारण कुजणारीं जनावरें नदीनाल्यांत जाऊं लागलीं होतीं. त्यांच्या अंदाजाप्रमाणें २००० ते २००५ ह्या काळांत दरसाल सरासरी एक लाखाहून अधिक माणसें, म्हणजे पांच वर्षांत सुमारे पांच लाख माणसें, अधिक मेलीं. हा अंदाज आहे हें खरें. परंतु तो अर्ध्यानें कमी धरला तरी ती एका मोठ्या युद्धांतील प्राणहानीएवढी होते. आणि ह्या युद्धाची एकहि तोफ कोणाला ऐकूं आली नाहीं.

मुंबईच्या श्रोत्यांना ह्या प्रकरणाची आणखी एक बाजू ठाऊक असेल. मलबार टेकडीवरील डुंगरवाडीच्या गर्द झाडींत पारशी समाज सतराव्या शतकापासून आपल्या मृतांना गिधाडांच्या स्वाधीन करीत आला. पृथ्वी, जल आणि अग्नि हीं पवित्र. तीं प्रेतानें विटाळूं नयेत, आणि माणसाच्या देहानें मरणानंतरहि एखाद्या जीवाची भूक भागवावी, असा त्या प्रथेंतील भाव. गिधाडें नाहींशीं झालीं आणि एका प्राचीन धर्माचा अंत्यविधिच अडून बसला. सूर्याचे किरण एकत्र करणारीं परावर्तकें तेथें बसविण्यांत आलीं; पण पावसाळ्यांत सूर्यच नसतो. कित्येक कुटुंबांनीं दहनाचा मार्ग पत्करला. कित्येकांच्या मनाला तो अजून रुचत नाहीं. गुरांच्या एका वेदनाशामक औषधामुळें एखाद्या वृद्ध पारशी गृहस्थाला आपल्या अंत्यसंस्काराची चिंता पडावी, असें कोणाला कधीं वाटलें असतें का? सृष्टींतील धागे असे दूरवर गेलेले असतात.

कोणी म्हणेल, मग यंत्रें बसवा. मेलेलीं जनावरें जाळण्याच्या भट्ट्या उभारा. एवढें मोठें विज्ञान काय कामाचें? श्रीमंत देशांनीं तसें केलेंहि आहे. परंतु त्याचा खर्च पाहा. लाखों खेड्यांतून दरसाल मरणारीं कोट्यवधि जनावरें गाड्यांत भरावयाचीं, भट्टीपर्यंत न्यावयाचीं आणि इंधन जाळून तीं भस्म करावयाचीं. हें सर्व काम गिधाड विनावेतन, विनाइंधन, बोलावल्यावांचून येऊन करीत होतें. आणि जें ओझें पक्ष्यानें खालीं ठेवलें तें शेवटीं कोणाच्या खांद्यावर येतें? तें गांवांतील सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर येतें. कुजलेलें जनावर ओढण्याचें काम ज्यांच्या माथीं समाजानें पिढ्यान् पिढ्या मारलें होतें आणि ज्यांनीं मोठ्या झगड्यानें तें झुगारून दिलें, त्यांच्याकडेच तें पुनः वळावें, ह्याहून मोठा अन्याय तो कोणता?

जीवसृष्टीच्या ह्या विविधतेला आज शास्त्रज्ञ 'जैवविविधता' म्हणतात. शब्द जड आहे, आणि तो ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें दूरचीं अरण्यें व दुर्मिळ फुलें उभीं राहतात. जणूं ती एक शोभेची वस्तु आहे आणि परवडली तर राखावी. गिधाडाची गोष्ट हा भ्रम दूर करते. हा पक्षी दुर्मिळ नव्हता, सुंदर नव्हता, आणि अरण्यांत तर नव्हताच; तो आपल्या गांवाच्या शिवेवर राहत होता. ज्यांच्यावर आपलें जीवित अवलंबून असतें ते बहुधा असेच साधे, सर्वत्र आढळणारे आणि दुर्लक्षिलेले जीव असतात. असेंच एकदां बेडकांच्या बाबतींत घडलें. भाताच्या खाचरांतील बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या आपण कित्येक वर्षें परदेशीं पाठवीत होतों. किडे खाणारा हा फुकटचा राखणदार आपण विकीत आहों हें ध्यानीं आल्यावर १९८७ मध्यें ती निर्यात बंद झाली. चीनमध्यें १९५८ सालीं धान्य खाते म्हणून चिमणी शत्रु ठरली. थाळ्या-डबे बडवून, तिला कोठें बसूं न देतां, थकवून मारण्यांत आलें. मग पिकावरील कीड वाढली, आणि १९६० मध्यें शत्रूंच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेंकणाचें घालावें लागलें. चीननें चिमणी जाणूनबुजून मारली. आपण गिधाड नकळत मारलें. परिणामांत मात्र सृष्टि असा भेद करीत नाहीं.

आतां थोडें आशेचें. शोध लागल्यावर दोनच वर्षांत, २००६ मध्यें, भारत, नेपाळ व पाकिस्तान ह्यांनीं जनावरांसाठीं डायक्लोफिनॅक तयार करण्यास मनाई केली. बांगलादेशानें २०१० मध्यें केली. मेलॉक्सिकॅम हें दुसरें औषध गुरांच्या वेदना शमवितें आणि गिधाडांना बाधत नाहीं, हेंहि प्रयोगानें सिद्ध झालें. म्हणजे बैलाचें दुःख आणि गिधाडाचा जीव ह्यांत एकाची निवड करण्याची आपणांवर वेळ नाहीं. कायद्यांतील पळवाटाहि हळूहळू बुजविल्या जात आहेत. माणसांसाठीं असलेल्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांना टोंचल्या जात, म्हणून २०१५ मध्यें त्यांचें माप तीन मिलिलिटरांवर आणलें. तसेंच घातक ठरलेलीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक हीं औषधें २०२३ मध्यें गुरांसाठीं बंद झालीं. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांचें प्रजनन-केंद्र आहे. तेथें वाढलेलीं कांहीं गिधाडें २०२४ च्या जानेवारींत आपल्या विदर्भांत, ताडोबा आणि पेंच येथें आणलीं. पुढें तीं मोकळीं सोडलीं, कांहीं दगावलीं, एक पक्षी मात्र उडत उडत थेट तमिळनाडूपर्यंत गेला, हें त्याच्या पाठीवरील यंत्रानें सांगितलें. रायगड जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांवच्या लोकांनीं गिधाडांच्या घरट्यांचीं झाडें राखलीं आहेत. गडचिरोलीच्या जंगलांत त्यांच्यासाठीं औषधमुक्त मेलेलीं जनावरें ठेवण्याच्या जागा वनखात्यानें केल्या आहेत. ऱ्हासाचा वेग पुष्कळ ठिकाणीं थांबला आहे. पण जें पंधरा वर्षांत गेलें तें परत येण्यास, वर्षाला एक अंडें ह्या मापानें, किती काळ लागेल ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आपण शहरांत राहणाऱ्यांनीं ह्यांत काय करावयाचें? आपल्या घरीं गाय नाहीं. पण दूध तर रोज येतें. पुष्कळांचें गांवीं शेत आहे, भाऊबंद आहेत. पुष्कळजण गोशाळांना देणगी देतात. त्या गोशाळेंत म्हाताऱ्या गाईला वेदना शमविण्यासाठीं कोणतें औषध टोंचतात, हें देणगीदारानें विचारलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्या जनावराला असें घातक औषध दिल्यावर ते थोड्याच दिवसांत मेलें, त्याला उघड्यावर न टाकतां पुरावें, एवढेंहि सांगितलें तर एक थवा वांचूं शकेल. पुण्याच्या भावनेनें केलेलें दान पापाला कारण होऊं नये, ह्यासाठीं इतकी चौकशी आपल्या हातीं आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या विचारांत एक सवय जडली पाहिजे. कोणतेंहि नवें औषध, नवें खत, नवें रसायन लाखों एकरांवर किंवा कोट्यवधि जनावरांवर वापरण्यापूर्वीं, 'ह्याच्या पुढें हें कोण खाणार?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. १९९० नंतर तो कोणी विचारला नाहीं. विचारला असता तर त्याचें उत्तर मिळण्यास फारसा खर्च लागला नसता. दहा-वीस पक्ष्यांवरचा एक प्रयोग पुरला असता. न विचारल्याचा खर्च मात्र आपण पाहिलाच.

आपल्या पूर्वजांनीं देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ह्यांबरोबर सर्व भूतांचेंहि ऋण मानलें होतें आणि रोजच्या जेवणापूर्वीं त्यांच्या नांवानें घांस काढून ठेवण्यास सांगितलें होतें. आज तो घांस आपण काढीत नाहीं. त्याची गरजहि कदाचित् नसेल. परंतु ऋण होतें, आणि आहे, हें विसरून चालणार नाहीं. ज्याचें नांव आपण शिवीसारखें वापरलें त्या पक्ष्यानें हजारों वर्षें आपलीं शिवारें झाडलीं, आपल्या विहिरी राखल्या, आपल्या मुलांना रोगांपासून दूर ठेवलें. पुन्हां कधीं सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर, उन्हांत पंख पसरून बसलेलें एखादें गिधाड दृष्टीस पडलें, तर नाक न मुरडतां क्षणभर थांबा आणि मुलांना तें दाखवा. त्याचें नांवहि सांगा, आणि त्यानें काय केलें तेंहि सांगा.